गरमरचे मूळ आणि वारेचे गूढ

अंधेरीला आमच्या बिऱ्हाडाशेजारी एक गुजराती कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे लोणच्याची बरणी उघडली, की आम्हां मुलांनाही वाटा मिळे. दाताखाली कुरकुरणारे ते मूळ. त्याचे नाव गरमर. हेच मूळ पुढे आईच्या उदरातील एका गूढाची किल्ली होईल, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

ते गूढ असे. बाळ जन्मले की मागून वार पडते. सुईण ती पुरून टाकी आणि सारे घर बाळाकडे वळे. पण नऊ महिने आईचे आणि बाळाचे रक्त वेगळे ठेवून अन्नाची व प्राणवायूची देवघेव चालते, ती या वारेच्या पातळ आवरणातून. दिवस भरलेल्या वारेत त्याचा विस्तार सुमारे १२ चौरस मीटर, म्हणजे चाळीतील एका खोलीएवढा भरतो. नवल हे, की या आवरणात पेशीपेशींमध्ये भिंतीच नाहीत. मधल्या भिंती पाडून सारी बिऱ्हाडे एका माजघरात आणावीत, तशी असंख्य केंद्रके एकाच अखंड पदरात नांदतात.

हे घडते कसे? केंद्रके आतल्या आत दुभंगतात, की शेजारच्या पेशी येऊन मिळतात? १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत अमेरिकेतील संशोधकांनी किरणोत्सारी थायमिडीन वापरून माग काढला. विभागणीच्या तयारीतील केंद्रकावर त्याची खूण उमटते. ती आधी खालच्या सुट्या पेशींत दिसली, अखंड पदरात मागाहून. तेव्हा पेशीच येऊन मिळतात, हे ठरले. पण त्या किती मिळतात, हे मोजायचे कसे?

१९६८ साली पॅटिलो आणि जॉर्ज गाय यांनी वारेच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशींचे ‘बेवो’ नावाचे वाण काचपात्रात वाढते केले. याच गाय यांच्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे पूर्वी काम करून आल्या होत्या आणि त्यांनी परळला ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. बेवो पेशींची अडचण एकच : त्या आपण होऊन फारशा एकत्र येत ना. जे घडतच नाही, ते मोजणार काय?

उत्तर आपल्या मुलुंडहून यायचे होते. तेथील होएक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींतून औषधे शोधण्याचे काम चाले. १९७७ साली भट, डिसूझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरमरच्या मुळातील एका द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. तेच फोर्स्कोलिन. त्यांचे लक्ष रक्तदाबाकडे व हृदयाकडे होते. वार कोणाच्या मनातही नव्हती. १९८१ मध्ये अमेरिकेत दिसले, की हे द्रव्य पेशीतील सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढवते. १९९० मध्ये वाइस व सहकाऱ्यांनी ते बेवो पेशींना दिले, आणि दोन-तीन दिवसांत त्या एकमेकींत मिसळू लागल्या!

आता मोजणी शक्य झाली. केंद्रके एका रंगाने रंगवायची, भिंती दुसऱ्या. समजा, १०० केंद्रकांपैकी ४० केंद्रके ५ अखंड पुंजक्यांत आहेत. ४० मधून ५ वजा केले की ३५ उरतात. म्हणून मीलनांक ३५ टक्के. पाच का वजा करायचे? प्रत्येक पुंजक्यात एक मूळची यजमानीण असतेच. पाहुण्या तेवढ्या मोजायच्या. तरीही फसगत होते. विभागणी अर्धवट राहिली तरी पेशीत दोन केंद्रके दिसतात. म्हणून काही पेशी तांबड्या व काही हिरव्या रंगवून एकत्र वाढवतात. एकाच पुंजक्यात दोन्ही रंग मिसळलेले दिसले, तरच मीलन खरे. शिवाय बेवो या कर्करोगाच्या पेशी. त्यांची साक्ष ताज्या वारेतील पेशींशी ताडून पाहावीच लागते.

हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. गर्भारपणी रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतणारा जो विकार आहे, त्यात हे मीलन बिघडलेले अनेक अभ्यासांत आढळले आहे. बिघाड ओळखायचा, तर आधी मोजता आला पाहिजे.

लोणच्याचा आणि गर्भाचा संबंध मात्र कोणी जोडू नये. बरणीतील फोड म्हणजे प्रयोगशाळेतील औषध नव्हे. अंधेरीहून मुलुंडला जायचे, तर तेव्हा दादरला उतरून गाडी बदलावी लागे. हृदयासाठी निघालेले हे मूळही असेच वाटेत गाडी बदलून वारेपाशी पोचले. सुईणीने न पाहता पुरलेल्या त्या वारेकडे माणसाने उशिरा का होईना, पण नीट निरखून पाहिले, हे काय थोडे झाले?