चमचे-सुऱ्या घेताना केवळ चकाकी पाहू नका

लग्नसराई आणि दिवाळीच्या दिवसांत ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून कल्याण-डोंबिवलीच्या बाजारपेठांपर्यंत भांड्यांच्या दुकानांत चमचे, काटे, सुऱ्यांच्या संचांना मोठी मागणी असते. माल अस्सल असल्याची खात्री पटविण्यासाठी विक्रेता लोहचुंबक पुढे करतो. चमचा चिकटला नाही, की ग्राहक निश्चिंत होतो. वास्तविक ही परीक्षा अपुरी आहे.

उत्तम चमच्यांसाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरतात. '१८/८' म्हणतात ते हेच. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि ते चुंबकाला सहसा चिकटत नाही. निकेल महाग, म्हणून त्याचे प्रमाण घटवून मँगेनीज घातलेले २०० मालिकेतील पोलाद स्वस्त पडते. पण तेही चिकटत नाही! नवे असताना दोन्ही सारखीच चकाकतात. मीठ, चिंच, लोणचे यांच्या सहवासात मात्र स्वस्त मालावर लवकर डाग पडतात. म्हणूनच दर १८/८ चा द्यायचा असेल, तर चमच्यावरील ठसा पाहावा आणि पावतीवरही प्रत लिहून घ्यावी. दुकानदार लिहून देण्यास तयार नसेल, तर काय समजायचे ते समजावे. चमचा मानेपाशी किंचित वाकवून पाहणेही उत्तम. सहज वाकणारा पातळ पत्रा आइस्क्रीमपुढेही टिकत नाही.

सुरीचा न्याय याच्या नेमका उलट आहे. धार टिकण्यासाठी पाते कठीण हवे, त्यासाठी पोलादात कार्बन अधिक लागतो, आणि असे पोलाद चुंबकाला चिकटतेच. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली तयार केलेले गंजरोधक पोलाद याच जातीचे होते. न चिकटणारी सुरी बहुधा लवकर बोथट होते. पात्याची पट्टी मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेली असावी.

निगेच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे लोखंडी तारेची घासणी. तिचे सूक्ष्म कण चमच्यात रुततात आणि गंजतात. दोष मात्र चमच्याच्या माथी येतो. मऊ स्पंज व साबण पुरेसा आहे. लोणच्याच्या बरणीत स्टीलचा चमचा ठेवून देऊ नये, तेथे लाकडी बरा. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात चमचे भिजत घालणेही टाळावे. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने पांढुरके ठिपके उमटतात. त्यांवर लिंबाची फोड फिरवून लगेच धुवावे व कोरड्या फडक्याने पुसावे. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात ओले चमचे तसेच खणात बंद करणे ठीक नव्हे.

सुरी ग्रॅनाइटच्या ओट्यावर चालवू नये. लाकडी पाट वापरावा. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर पाते तापून निळसर झाले, तर तेवढ्या भागाचा कठीणपणा जातो. त्यापेक्षा घरीच धारेच्या दगडावर, पाते पंधरा ते वीस अंशांत कलते धरून, महिन्या-दोन महिन्यांनी फिरवावे.

आणि आजीची विळी? तिचे पाते बहुधा साध्या पोलादाचे असते. कैरी-कोकम चिरल्यावर ते काळवंडते, परंतु धारेला ते नव्या सुऱ्यांना हार जात नाही. वापरल्याबरोबर धुऊन, पुसून, वर गोडेतेलाचा हलका हात फिरवावा.