दातातलं सिमेंट

दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर रेललेला माणूस पुढच्या दाताकडे बोट दाखवतो आणि बजावतो, "डॉक्टर, इथे चांदी नको हं, सिमेंट भरा." डॉक्टर मान डोलावतात आणि भरतात कंपोझिट, म्हणजे काचेची बारीक पूड घातलेली राळ. त्यात सिमेंट औषधालाही नसतं. पण पेशंटच्या तोंडचा शब्द उगाच आलेला नाही. एके काळी पटाशीच्या दातांत खरोखरच सिमेंट भरत.

दाढेत चांदी खपून जाते. पटाशीचे दात मात्र हसताना आधी दिसतात, तिथे पाऱ्यात कालवलेली काळपट चांदी कोणाला चालणार? ऐपत असणारे सोन्याचा वर्ख थरावर थर ठोकून बसवून घेत. दाताच्या रंगाचं सिमेंट इंग्लंडमध्ये थॉमस फ्लेचर यांनी १८७३ मध्ये आणलं, पण ते रुळलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीत त्यात सुधारणा झाल्यावर. हे सिलिकेट सिमेंट. एका बाटलीत काचेची पूड, दुसरीत फॉस्फोरिक आम्ल. थंड केलेल्या काचेच्या पाटीवर दोन्ही झटपट कालवायचं. त्यासाठी साधी पोलादी पट्टी चालत नसे. काचेच्या पुडीने ती झिजायची आणि पांढऱ्या लगद्यावर करडी छटा चढायची. म्हणून अकीक दगडाची पट्टी वापरत.

दिसायला छान, पण या सिमेंटची दुखणी बरीच होती. लाळेत ते हळूहळू विरघळे. तोंडाने श्वास घेणाऱ्यांच्या दातात सुकून खडूसारखं होई. आतल्या नसेलाही त्याचा त्रास व्हायचा. शिवाय ते दाताला चिकटत नसे, म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरावा लागे. त्यात चांगला दातही कापला जाई. दाताचा कोपराच तुटला असेल तर सिमेंट अडकवणार तरी कुठे? एक गुण मात्र होता. त्यातून फ्लोराइड झिरपे, त्यामुळे कडेने पुन्हा कीड क्वचितच लागे.

चिकटवण्याचं कोडं १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मायकेल ब्युओनोकोर यांनी सोडवलं. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक आम्ल लावत. तेच त्यांनी इनॅमलवर अर्धा मिनिट लावून पाहिलं. पृष्ठभाग खरखरीत झाला आणि त्याच्या सूक्ष्म खाचांत प्लॅस्टिक घट्ट रुतून बसलं. जुन्या सिमेंटच्या बाटलीतलं आम्ल असं नव्या कामाला आलं.

त्या खाचांत भरायला तोलामोलाचा पदार्थही लवकरच मिळाला. नुसतं अ‍ॅक्रिलिक घट्ट होताना आकसायचं आणि कडेला फट पडायची. रफाएल बोवेन यांनी नवी राळ घडवली आणि तिच्यात सिलिकाची पूड घातली. त्याचं पेटंट त्यांना १९६२ मध्ये मिळालं. सत्तरच्या दशकात राळ घट्ट करायला आधी अतिनील प्रकाश आला, मग आजचा निळा दिवा. आता डॉक्टर दाताशी छटांची पट्टी धरून रंग जुळवतात, दातावर आम्लाची जेल लावून धुतात, चिकटद्रव्य लावतात आणि साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर दिव्याखाली पक्के करत जातात. तुटलेला कोपराही असाच उभा राहतो.

मग सिमेंट संपलं का? नाही. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी जुन्या सिलिकेटसारखीच काच ठेवली, आम्ल तेवढं बदललं. १९७२ मध्ये त्यांनी जगापुढे मांडलेलं ग्लास आयोनोमर दाताला आपणहून चिकटतं आणि फ्लोराइडही सोडतं. त्याला कंपोझिटची चमक नाही आणि ते झिजतंही लवकर. पण हिरडीलगतची कीड, जिथे दात कोरडा ठेवणं अवघड, तिथे डॉक्टर अनेकदा तेच निवडतात. अशा जागी "सिमेंट भरा" म्हणणारा पेशंट आजही अगदी बरोबर बोलत असतो.