बँकेच्या नावाने येणारे बनावट ई-मेल

‘आपले खाते चोवीस तासांत गोठविण्यात येईल, ते सुरू ठेवण्यासाठी खालील दुव्यावर माहिती अद्ययावत करावी’, अशा आशयाच्या ई-मेलवर बँकेचे बोधचिन्ह असते, खाली अधिकाऱ्याचे नाव असते. दुव्यावर टिचकी मारली की उघडणारे पानही बँकेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल असते. तेथे भरलेला पासवर्ड मात्र भामट्यांच्या हाती पडतो. यालाच ‘फिशिंग’ म्हणतात. मासेमारीच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ झाले; तेव्हा गळाला लागत ते ‘अमेरिका ऑनलाइन’चे ग्राहक. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘नॅसकॉम’ने दाखल केलेल्या दाव्यात हे कृत्य बेकायदा ठरविले.

अशुद्ध इंग्रजी ही एकेकाळी बनावट पत्राची हमखास खूण होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे निर्दोष मजकूर कोणालाही लिहून मिळू लागल्याने त्या खुणेवर विसंबता येत नाही. पाठविणाऱ्याच्या नावाचेही तसेच. नावाच्या जागी कोणीही कोणत्याही बँकेचे नाव टाकू शकतो.

खरी पारख होते ती संकेतस्थळाच्या पत्त्यावरून, आणि तो वाचायचा उजवीकडून. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचे शब्द पत्त्याचा खरा मालक सांगतात. ‘अमुकबँक डॉट खातेतपासणी डॉट कॉम’ या पत्त्याचा अमुक बँकेशी काहीही संबंध नाही. तो ‘खातेतपासणी डॉट कॉम’वाल्याचा आहे. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही लहान अक्षरे लागून लिहिली की ‘एम’चा भास होतो, तेव्हा अक्षरेही निरखावीत. पत्त्याशेजारचे कुलूप एवढेच सांगते की माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. ती चोराच्याच घरी जात असेल, तर कुलपाचा उपयोग काय?

यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता घेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता बँकांखेरीज इतरांना मिळत नाही. मात्र हे शब्द पत्त्याच्या शेवटी हवेत. मधे कोठेतरी ते कोणीही घुसवू शकतो. त्याहून सोपा मार्ग म्हणजे ई-मेलमधील दुवा वापरूच नये, पत्ता स्वतः टंकित करावा.

ओटीपी आहे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे. बनावट पानावर भरलेला पासवर्ड भामटा त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरतो. त्यामुळे ग्राहकाला बँकेकडून खराच ओटीपी येतो आणि तो विश्वासाने त्याच पानावर भरला जातो.

माहिती दिली गेलीच, तर लाजून गप्प बसण्यात नुकसान आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेल्यास बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा आणि कळविल्यानंतरचा बँकेचा, असे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात म्हटले होते. म्हणून आधी बँकेला कळवून खाते रोखावे, तक्रार क्रमांक घ्यावा आणि लगोलग १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंद करावी. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वी ते अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. तो ई-मेल रागाच्या भरात पुसून टाकू नये. तो कोठून आला याचा तपशील त्यातच दडलेला असतो आणि पोलिसांना तोच लागतो.