दुसऱ्याचा ओटा आणि स्वतःची पेढी : कारंजा (लाड) येथील कापूसबाजाराच्या इतिहासाच्या अनुषंगाने एक विचार

प्रस्तावना

गिऱ्हाईक जेथे जमते तेथे व्यापाऱ्याने जावे, की गिऱ्हाइकाला आपल्या दारी आणावे, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या समाजमाध्यमांवर हजारो अनुयायी मिळविणाऱ्या लहानमोठ्या व्यावसायिकांपुढे तो आज नव्या रूपात उभा आहे. या अनुयायांना तेथेच ठेवून माल विकावा, की त्यांना स्वतःच्या संकेतस्थळाकडे वळवावे? वाणिज्याचे अभ्यासक याचे उत्तर बहुधा खर्च आणि विक्री यांच्या हिशेबाने देतात. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहिला असून त्यासाठी वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाचा आधार घेतला आहे. भारतातील आद्य नियंत्रित बाजार म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो कापसाचा बाजार १८८६ मध्ये येथेच सुरू झाला.

पूर्वपीठिका

कारंजा हे जुन्या वऱ्हाडातील तटबंदीचे आणि वेशींचे गाव. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन भट्टारकांचे पीठ म्हणून त्याची ख्याती असली, तरी त्याच्या श्रीमंतीचा खरा पुरावा वेगळाच आहे. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर १६७० मध्येच मराठी फौजांनी कारंजा लुटले. फौजा इतक्या दूरवर उगाच येत नाहीत. ही संपत्ती पेढ्यांची होती, आणि पेढी म्हणजे व्यापाऱ्याचे स्वतःचे दार, स्वतःची गादी व स्वतःची वही.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. कापूस हे शेतकऱ्याचे नगदी पीक झाले आणि अडत्याचे दार त्याच्या वर्षाचे भवितव्य ठरवू लागले.

पेढीवरचा शेतकरी

नियंत्रणापूर्वीच्या व्यवहाराकडे येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण ‘स्वतःच्या दारी आणलेले गिऱ्हाईक’ म्हणजे काय, हे त्यातून उघड होते. शेतकरी कापसाची गाडी घेऊन अडत्याच्या दारी येई. पुष्कळदा तोच अडत्या त्याचा सावकारही असे. पेरणीच्या वेळी घेतलेली उचल वहीत मांडलेली असल्याने दुसऱ्या दारी जाण्याची मोकळीक शेतकऱ्याला क्वचितच उरे. भाव उघड पुकारला जात नसे. रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी सौदा ठरविण्याची रीत देशातील अनेक बाजारांत होती. मग अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय, वानगी अशा नावांनी वजनातून आणि रकमेतून कपात होई. शेतकऱ्याला चार भाव शेजारी शेजारी ठेवून पाहता येत नसत. अडत्याला पेढी लाभदायक ठरे ती नेमकी याच कारणाने.

१८८६ आणि १८९७

हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला. त्यापाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. व्यापारी, दलाल आणि मापारी यांना परवाने आले, अनधिकृत कपातींना बंदी झाली आणि देखरेखीसाठी समिती नेमण्यात आली. विलायती गिरण्यांना शुद्ध माल रास्त भावाने मिळावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. शेतकऱ्याचे हित त्याच्या ओघात आले. समितीवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले आणि उत्पादकाला तेथे स्थान नव्हते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने हा दोष नोंदविला. पुढे १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांत शेतकरी प्रतिनिधींना मोठे स्थान दिले.

आवाराने व्यापाऱ्याला गर्दी दिली आणि काही अंशी विश्वासही दिला, मात्र नियम करण्याचा अधिकार काढून घेतला. तरीही एक वस्तू आवारात आली नाही, ती म्हणजे वही. कोणत्या गावचा कोण शेतकरी, त्याची जमीन किती, मागील साली त्याने काय विकले, ही माहिती पेढीतच राहिली. तिचे मोल १९७२ मध्ये दिसले असावे. त्या वर्षी राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खासगी कापूसखरेदी कायद्यानेच बंद पडली. ज्या पेढ्यांचा शेतकऱ्याशी संबंध केवळ कापसापुरता नव्हता, त्यांना धान्य, तेलबिया किंवा अन्य व्यवहारांकडे वळणे तुलनेने सोपे गेले असे मानण्यास जागा आहे. पुढे खासगी खरेदीला पुन्हा वाट मिळाली, परंतु ती तब्बल तीन दशकांनी.

आजचे आवार

समाजमाध्यम हेही एक आवारच आहे. फरक असा की येथे ओट्याबरोबर वहीदेखील आवाराच्या मालकाची असते. अनुयायांची संख्या व्यावसायिकाला दिसते, पण त्यांचे पत्ते वा दूरध्वनी क्रमांक तो उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्यावर आपले गिऱ्हाईक जमविलेल्यांचा ओटा आणि वही एकाच दिवशी गेली. बंदीच हवी असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र व कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. व्यवसायांचा मजकूर त्यामुळे मागे पडला आणि आपल्याच अनुयायांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजण्याची गरज वाढली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकाच वेळी बंद राहिले. तेवढा वेळ कित्येक दुकानांना आपले गिऱ्हाईक कोठे आहे हेच कळण्याचा मार्ग नव्हता.

म्हणून सर्वांनी स्वतःचे संकेतस्थळ काढावे, असे उत्तर सहज सुचते. कारंज्याचा इतिहास ते इतक्या सहजपणे देऊ देत नाही. संकेतस्थळ ही पेढी आहे. तेथे येणाऱ्या ग्राहकाला शेजारच्या दुकानाचा भाव दिसत नाही, इतर ग्राहकांच्या तक्रारी मालकाने ठेवल्या तरच दिसतात, आणि अनोळखी संकेतस्थळावर आगाऊ पैसे भरण्याची त्याला धास्ती वाटते. ती धास्ती निराधार नाही. शिवाय स्वतःची म्हणविली जाणारी ही जागाही पूर्णपणे स्वतःची नसते. तिच्या नावाची नोंदणी ठरावीक मुदतीने नूतनीकृत करावी लागते, सर्व्हरचे भाडे असते, आणि वाटसरू बहुधा गूगलच्या वाटेनेच येतो. लहान गावातील साडीच्या किंवा बियाण्यांच्या दुकानदाराला हा खर्च परवडेलच असे नाही. गर्दी सोडून जाणाऱ्याच्या मागे गर्दी जात नाही, हेही त्याला अनुभवाने ठाऊक असते.

तेव्हा स्थलांतराचा आग्रह धरण्यापेक्षा वही घरी आणण्याचा आग्रह धरणे अधिक सयुक्तिक दिसते. भेट आवारात होऊ द्यावी, सौदाही सोयीचा असेल तर तेथेच व्हावा. पण ज्याने एकदा खरेदी केली त्याचे नाव, क्रमांक आणि मागणी त्याच्या संमतीने स्वतःच्या नोंदीत यावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या संमतीला विशेष महत्त्व दिले आहे. जुन्या वहीत मात्र शेतकऱ्याची संमती कोणी विचारली नव्हती. संकेतस्थळ साधेच असले तरी या नोंदीचे दार म्हणून त्याचा उपयोग होतो. मालाचा भाव, परतीचे नियम व तक्रारीचा पत्ता तेथे उघड लिहिला, तर रुमालाखालच्या सौद्याचा संशयही कमी होतो.

उरतो प्रश्न आवाराच्या नियमांचा. तो एकट्या दुकानदाराच्या हातचा नाही. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल बाजार कायद्याने मोठ्या मंचांवर एक बंधन घातले आहे : मंचावर मिळालेल्या ग्राहकाला व्यावसायिक आपल्या स्वतंत्र विक्रीस्थळाची माहिती देऊ लागला, तर त्याला अडविता येणार नाही. हे बंधन मोडल्याबद्दल एप्रिल २०२५ मध्ये ॲपल कंपनीला ५० कोटी युरोंचा दंड ठोठावण्यात आला. तो वाद ॲप विक्रीच्या मंचाबाबतचा होता. भारतात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कारंज्याचा बाजार १८८६ चा आणि वऱ्हाडचा कायदा १८९७ चा, म्हणजे मध्ये अकरा वर्षे गेली. त्या कायद्याच्या समितीत शेतकऱ्याला बसायला जागा मिळण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.