कर्णभूषणे, रोमन
प्राचीन रोममधील स्त्रियांची, मुख्यतः सोन्याची, कानांतील आभूषणे. साधी कडी, चकतीचे डूल व मोत्यांचे लोलक हे त्यांचे प्रकार ब्रिटिश म्यूझियम (लंडन) व इतर संग्रहालयांत पाहावयास मिळतात. दोन-तीन मोती एकमेकांवर आपटून किणकिणत, अशा डुलांना क्रोटालिया म्हणत. थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने या हौसेची कडक निर्भर्त्सना केली. भारत, चीन व अरबस्तान रोमकडून दरवर्षी १० कोटी सेस्टर्स ओढून घेतात, असा त्याचा हिशेब होता. आकडा कदाचित फुगविलेला असेल. व्यापार मात्र खरा होता. पैठणहून अकीकासारखे खडे भडोच बंदरात जात, असे पेरिप्लसमध्ये नमूद आहे. नेवासे येथील उत्खननात (१९५४–५६) रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले.

दख्खनच्या कारागिरांनी रोमन डुलांपेक्षा रोमन नाणेच अधिक उचलले. तेर येथे सापडलेली, रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदके दोऱ्यात ओवून वापरण्याजोगी असून स्थानिक घडणीची आहेत. कानांच्या बाबतीत अभिरुची देशीच राहिली. कार्ले येथील दंपतिशिल्पांतील जड कर्णभूषणांचा घाट रोमन नाही.