आकाशातून बंद पडलेला रेडिओ

परवा लेक म्हणाला, "आई, तुला एक स्मार्ट स्पीकर घेतो. नुसतं तोंडाने सांगायचं, भक्तामर लागतं." किंमत ऐकली आणि माझ्यातली बी.कॉम. जागी झाली. "किती वर्षं चालेल?" तो हसला. "अगं, असल्या वस्तूंना असं कुणी विचारतं का?"

मी विचारते. कॉलेजात घसाऱ्याची कारणं पाठ केली होती: वापराने होणारी झीज, काळाचा परिणाम आणि कालबाह्यता. पहिली दोन घरात मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत रोज दिसत. तिसरं परीक्षेत लिहिण्यापुरतं राहिलं होतं. ते नीट कळलं वर्ल्डस्पेस रेडिओ बंद झाला तेव्हा.

इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० मध्ये अमेरिकेत ही कंपनी काढली. उपग्रहावरून थेट घरातल्या रेडिओवर डिजिटल आवाज पाठवायचा, ही कल्पना. आशियासाठीचा 'एशियास्टार' उपग्रह मार्च २००० मध्ये वर गेला. भारतात बीपीएलच्या नावाने त्याचे रेडिओ आले. सोबत एक छोटा चपटा अँटेना असे, तो उपग्रहाकडे तोंड करून ठेवायचा. उपग्रह १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर. म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून पाहिलं तर आग्नेयेला. ज्यांची एकही खिडकी त्या बाजूला मोकळी उघडत नाही त्यांची पंचाईत! (आमच्याकडे दोन इमारतींत अंतर किती असतं ते तुम्हाला सांगायला नको.) पण एकदा सूर जुळला की खरखर नाही. 'गंधर्व'वर शास्त्रीय संगीत, 'फरिश्ता'वर जुनी हिंदी गाणी. लोक वर्षाची वर्गणी भरून ऐकत.

ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे सर्वाधिक ग्राहक भारतात होते, तरी ३१ डिसेंबर २००९ ला इथली सेवा थांबली. दुसऱ्या दिवशी काय चित्र होतं ते डोळ्यांसमोर आणा. रेडिओला ओरखडा नाही, बटणं जागेवर, दिवा लागतो, आणि उपग्रहावरचा आवाज मात्र नाही. कुठल्या कारागिराकडे नेणार? बिघाड यंत्रात नव्हताच. झीज शून्य आणि किंमतही शून्य. घसाऱ्याचं तिसरं कारण ते हे.

मग डिजिटल म्हटलं की टिकाऊ नाहीच, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. सीडी बघा. सोनीचा पहिला प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आला, १,६८,००० येनना. त्याआधीच फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून तबकडीचं माप, सेकंदाला ४४,१०० नमुने, असं सगळं ठरवून लिहून काढलं होतं. परवाना घेऊन इतर कंपन्यांनीही तेच नियम पाळले. म्हणून त्या पहिल्या वर्षातली सीडी नीट ठेवली असेल तर आजच्या प्लेअरवर वाजते, प्लेअर कुणाचाही असो. तिला ना उपग्रह लागतो ना पासवर्ड. याच फिलिप्सने १९९२ मध्ये डिजिटल कॅसेट आणली, ती चार वर्षांत गुंडाळली. आयपॉड २००१ मध्ये आला, २०२२ मध्ये संपला. नाव मोठं असून भागत नाही. चार कंपन्यांनी मान्य केलेला नियम मागे लागतो.

सीडीतही एक खोच आहे, ती मात्र मी स्वतः भोगली. १९८८ च्या चातुर्मासात सासूबाईंच्या आवाजात भक्तामर कॅसेटवर टेप केलं होतं, ४८ श्लोक. त्या गेल्यावर एका दुकानातून त्याची सीडी करून घेतली. आता काळजी मिटली, असं दुकानदार म्हणाला होता. दहा-बारा वर्षांनी ती सीडी एकाही प्लेअरने ओळखली नाही. कारखान्यात छापलेल्या सीडीत बारीक खड्डे असतात, ते राहतात. दुकानात भरलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने, उकाड्याने खराब होतो. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नशीब, कॅसेट टाकली नव्हती. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता. कल्याणला एका वयस्कर कारागिराने दुसरा पट्टा चढवला, स्पिरिटने हेड पुसलं. सासूबाईंचा आवाज आला, किंचित खालच्या पट्टीत, पण त्यांचाच. मधे कुकरची शिट्टीही आहे. लेकाने लगेच त्याची साधी वेव्ह फाईल केली. ती आता कॉम्प्युटरवर आहे, पेनड्राइव्हवर आहे आणि ठाण्याला मुलीकडेही आहे.

स्मार्ट स्पीकरला मी नाही म्हटलं. दूरच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय तो आपलं बोलणं ऐकत नाही. तो सर्व्हर कुणी बंद केला तर माझी अवस्था त्या आग्नेयेच्या खिडकीसारखी. त्याऐवजी तारेने जोडायचे दोन स्पीकर आणि पेनड्राइव्ह वाजवणारा एक छोटा डबा घेतला. उद्या डबा गेला तरी स्पीकर दुसऱ्या डब्याला लागतील. वहीत स्पीकर मालमत्तेच्या बाजूला लिहिले आणि पेनड्राइव्ह खर्चात, कारण तो दर चार-पाच वर्षांनी मी बदलणारच आहे.