काडतुसाच्या पोटातील जागा

बंदुकीच्या इतिहासात नळीचे आणि गोळीचे वर्णन विपुल आढळते. पुंगळीचे मात्र क्वचितच. वस्तुतः दारू, गोळी आणि टोपी या तिघांना एकत्र बांधणारी ही बोटभर लांबीची पितळी पुंगळी नसती, तर आधुनिक रायफल जन्मालाच आली नसती. परंतु नाव एक आणि कारखाने अनेक, अशी स्थिती झाली म्हणजे हीच पुंगळी संकटाचे कारण होते.

इंग्लंडात १८६६ साली बॉक्सर या लष्करी अधिकाऱ्याने सिद्ध केलेली पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. मार्टिनी-हेन्री रायफलीतही प्रथम हीच पद्धत चालू राहिली. सुदानात १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्ली येथे अशा पुंगळ्या रायफलींत अडकल्या, आणि शत्रू अंगावर येत असता अनेक सैनिकांच्या बंदुका मुक्या झाल्या. पुढे अखंड पितळेतून ओढून काढलेली पुंगळी रूढ झाली.

तिच्यासाठी ७० भाग तांबे व ३० भाग जस्त यांच्या पितळेची चकती प्रथम वाटीसारखी दाबतात आणि मग साच्यांतून पुनःपुन्हा ओढून लांबवितात. ओढल्याने पितळ ताठर होते, म्हणून ते मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. पुंगळीचा बाहेरील आकार रायफलीत नेमका बसावा म्हणून ठरलेला असतो. आतील भिंत किती जाड ठेवावयाची, हे मात्र पुष्कळसे ज्याच्या त्याच्या साच्यांवर अवलंबून राहते.

बाहेरील माप ढळले तर काय होते, हे एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत दिसले. कॅनडाच्या सैनिकांची रॉस रायफल काटेकोर मापाची होती. युद्धाच्या घाईत बनविलेली ब्रिटिश काडतुसे तीत अडकू लागली. बचावलेल्या सुमारे ५,००० सैनिकांपैकी १,४५२ जणांनी स्वतःची रायफल टाकून ब्रिटिशांची ली-एन्फील्ड उचलली होती.

बाहेरील फरक रायफल तत्काळ सांगते. आतील फरक मात्र निमूट राहतो. काळ्या दारूच्या काळी त्याचे भय बेताचे होते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्ह्येय यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली आणि स्थिती पालटली. ही दारू दाब वाढला की अधिक वेगाने जळते. पुंगळीची भिंत जाड असली की आत जागा कमी. जागा कमी म्हणून दाब अधिक. दाब अधिक म्हणून ज्वलन अधिक वेगवान. एका कारखान्याच्या पुंगळीत निर्धोक ठरलेले दारूचे वजन दुसऱ्याच्या पुंगळीत घातक ठरू शकते.

म्हणूनच स्वतःच्या हाताने काडतुसे भरणारे नेमबाज पुंगळीचे पोट पाण्याने मोजतात. एकाच रायफलीतून उडविलेल्या पुंगळ्या घेऊन त्यांची लांबी सारखी करतात, जुनी टोपी जागीच ठेवतात, कोरडी पुंगळी तोलतात, आणि काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलतात. आत बुडबुडा राहता कामा नये. दोन वजनांतील अंतर हीच त्या पुंगळीची धारणा. ती ग्रेनमध्ये, म्हणजे पौंडाच्या ७,००० व्या भागात, सांगतात. पितळ पाण्याहून सुमारे साडेआठपट जड असल्यामुळे, बाहेरून सारखी असलेली एखादी पुंगळी १७ ग्रेनांनी जड भरली, तर तिच्या पोटात सुमारे २ ग्रेन पाणी कमी मावेल. परंतु बुडाशी असलेली खाच उथळ असली तरीही वजन वाढते. म्हणून केवळ तराजूवर विसंबता येत नाही.

१९५२ साली बाजारात आलेले .३०८ विंचेस्टर आणि १९५४ साली नाटोने स्वीकारलेले ७.६२ मिलिमीटरचे काडतूस ही बाह्यतः जवळजवळ जुळी भावंडे होत. तथापि लष्करी पुंगळी बहुधा जाड भिंतीची असते. म्हणून पुंगळी बदलली की जाणते नेमबाज दारू कमी करून पुन्हा खालून आरंभ करतात.

पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली स्थापन झालेल्या कारखान्याच्या काडतुसांवर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे उमटविली जात. अशी अक्षरे पुंगळीचे कुळ सांगतात. तिच्या पोटात किती मावते, हे मात्र प्रत्येक वेळी मोजूनच ठरवावे लागते.